डोळे राहिलेली भिंत

परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, "मग, वेरूळ बघितलंस? अजिंठा?" नाही बघितलं. दोन आठवडे त्या शहरात राहिले आणि लेणी राहिलीच. मी बघितली ती एक भिंत. मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनामागे एका गोदामाची पाठभिंत, साठ-सत्तर पावलं लांब. तिच्यासमोर पाण्याचा टँकर उभा राहतो. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं तर ती बघून या, एवढ्यासाठी लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही. सातवीनंतर शाळा सुटली. आई अंथरुणावर होती आणि पाठची तीन भावंडं होती. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

शाळा सुटली आणि मी गणपतीच्या शाळेत गेले. आमच्या कुडाळकडे मूर्ती घडवतात त्या जागेला गणपतीची शाळाच म्हणतात. काकांच्या त्या शाळेत मी पंचवीस वर्षं रंग भरते आहे. पितांबर माझा, शेला माझा, मुकुट, उंदीर, सगळं माझं. डोळे तेवढे काकांचे. डोळे आखायचे असले की काका आंघोळ करून, काही न खाता बसतात, दार लोटून घेतात, आणि बाहेर आम्ही खोकायचंसुद्धा नाही. बायकांनी डोळ्यांना हात लावायचा नाही, असा तिथला नियम. का, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या चतुर्थीच्या आधी आमच्या शाळेत एक मॅडम आल्या. संभाजीनगरला चित्रकला शिकवतात. दोन तास माझ्याशेजारी पाटावर बसून मी शेल्याचा काठ कसा ओढते ते बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "शेवंतीताई, आमच्याकडे याल का? एक भिंत रंगवायची आहे. पाणी भरणाऱ्या बायकांची." मला वाटलं, चेष्टा करतात. शिमगा झाला आणि तिकीट आलं.

पोचले

गाडीत कंडक्टर संभाजीनगर म्हणत होता आणि स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, "औरंगाबादमध्ये कुठं जायचंय, मावशी?" दोन्ही नावं एकाच गावाची हे माहीत असूनही मी रिक्षात पाय ठेवला नाही. मॅडमचा नंबर तळहातावर पेनाने लिहिला होता. घामाने त्याचे शेवटचे दोन आकडे पुसले गेले होते. पिशवी छातीशी धरून मी उसाच्या रसाच्या दुकानाशेजारी उभी राहिले, आणि आता रडू येणार एवढ्यात मॅडमच हाका मारत आल्या. त्या बाईंचे उपकार कसे फेडू? त्या एक मिनिट उशिरा आल्या असत्या तर मी परतीची गाडी विचारली असती.

आमच्याकडे चैत्रातसुद्धा डोळ्यांना हिरवं लागतं. इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या इमारती, त्यांच्यावर निळ्या जाळ्या, आणि मधल्या रिकाम्या जागेत माती अशी पांढरी की वाटावं राख पसरली आहे. सलग दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. "इमारती बांधायला पाणी कुठलं?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तेच तर भिंतीवर विचारायचंय."

मॅडमचं घर लांब, म्हणून माझी सोय सरूबाईकडे केली होती. मुकुंदवाडीच्या वस्तीत, त्या भिंतीच्या समोरच, पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे अंगण, एक कडुलिंब, तीन शेळ्या. सरूबाई माझ्याच वयाची, उंच, सडपातळ, चालताना डावा खांदा किंचित खाली. धनगराचं घर. मूळ गाव पैठण रस्त्याला, चितेगावच्या पुढे. मेंढरं विकून शहरात आले. नवरा तिकडेच कंपनीत कामाला, आठवड्याला एकदा घरी येतो. सरूबाई गारखेड्यात दोन घरची धुणीभांडी करते. घरात तिसरे तिचे सासरे. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणते, सरूबाई मामा म्हणते. त्यांच्या बाजेच्या वर भिंतीला धोतरात गुंडाळलेलं काहीतरी मोठं टांगलेलं होतं. ढोल आहे म्हणाले.

शेजारच्या कांताबाई मला बघायलाच आल्या. त्यांच्या दारावर पंचशीलाचा झेंडा, आणि टँकरच्या रांगेवर त्यांचं राज्य. मी मोठ्या प्रेमाने कोकमाच्या आगळाची बाटली काढली.

"यात पाणी किती घालायचं?" कांताबाईंनी विचारलं.

"एक पेला आगळाला चार पेले पाणी."

"मग राहू दे माय. नुसतं बघून तहान भागली."

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजून दळून ठेवलेला मसाला. उकळत्या पाण्यात टाकला की आमटी होते, भाजी नसली तरी चालतं. माशाशिवाय जेवण मला जात नाही असं मी आयुष्यभर समजत होते, ते खोटं निघालं. सरूबाई तव्यावर भाकरी टाकत होती. एकदम म्हणाली, "मामा, भिंत पुरी होईल त्या दिवशी मॅडम म्हणल्यात गाणं ठेवू. ढोल काढता का?"

"गातो कोण?"

"मी गाते की. माझी ववी हाय. रानाची."

आबांनी घास खाली ठेवला. "बाई गाती ती पाळण्यावर. ढोलावर गडी गातो. आपल्या घरात ढोलाला बाईनं हात लावला नाय, आन ढोलानं बाईला साथ दिली नाय. आन आता ढोल वाजवायचाच कशाला? मेंढरं गेली, ढोल गेला."

पुढची भाकरी सरूबाईने अशी थापली की पीठ माझ्या ताटापर्यंत उडालं.

सडा

आता माझी चूक सांगते. सांगताना अजून कान गरम होतात.

आमच्याकडे सकाळी उठून बाईमाणूस पहिलं काम करतं ते अंगणात सडा घालायचं. पाहुणी म्हणून गेले तरी त्या घराला आपला हात लागावा, नुसतं खाल्लं असं होऊ नये, म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठले. दाराशी दोन हंडे झाकून ठेवलेले होते. एक उचलला आणि ओंजळीने शिंपडायला लागले. माती पाणी पिऊन टाकत होती, मागे बघावं तर पुन्हा कोरडी. म्हणून दुसरा हंडाही घेतला. लिंबाखालीसुद्धा छान ओलं केलं. शेळ्या धावत आल्या आणि चिखल चाटू लागल्या, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सरूबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. अंगणाकडे बघितलं, रिकाम्या हंड्यांकडे बघितलं. मग मला म्हणाली, "लवकर उठलाव व्हय? झोप लागली ना नीट?"

कांताबाईंनी मात्र कुंपणावरून बघितलं आणि आवाजच चढवला. "सरू! तुझ्या एकटीच्या दारात पाऊस पडला का गं? आमाला एक थेंब नाय आन तुझ्या अंगणात चिखल? काय वशिला लावलास?" मग माझ्या हातातला हंडा दिसला. "अगं माय माय माय! कोकणी बाई, टँकर सहा दिसांनी येतो. परवा येऊन गेला. ते पाणी प्यायचं होतं, चार दिसांचं!"

मी खाली बसले आणि ओल्या मातीवर दोन्ही हात ठेवले, जणू दाबलं तर पाणी वर येईल. तेवढ्यात आबा बाजेवरून उतरले. काठी टेकत लिंबाखाली आले, वाकून चिमूटभर ओली माती उचलली आणि नाकाशी धरली.

"राहू दे गं सरू," ते म्हणाले. "लई दिसानं माती माती वाटली." आणि बाजेवर जाऊन तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायला लागले.

सरूबाई माझ्याजवळ वाकली. मला वाटलं, आता बोल लावणार. ती कुजबुजली, "ऐकलंस? दोन सालापासून मामाच्या तोंडून गाण्याचा आवाज नव्हता फुटला." त्या सकाळपासून ती मला अगं-तुगं करायला लागली. दोन हंडे पाण्याच्या बदल्यात मला ते मिळालं, आणि ते पाणी फेडायचं मी तिथेच मनाशी ठरवलं.

गारखेडा

पाणी आणायला सरूबाईबरोबर मीही गेले, दोन कॅन घेऊन. ती काम करते त्या घराला बोअर आहे. दारापुढे हिरवळीचा एक तुकडा, उंबऱ्याएवढाच, आणि त्यावर कारंज्यासारखा पाइप फिरत होता. मी उभी राहून बघतच राहिले. आमच्या घरामागे व्हाळ बारा महिने वाहतो, कुंचले धुवायला आम्ही त्यात नुसते धरतो. पाणी वाया जातं असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. पण त्या दिवशी तो पाइप बघून माझ्या जिवाची तगमग झाली.

"वहिनी, दोन कॅन भरू का?" सरूबाईने विचारलं.

"भर, पण मागच्या नळाला. आणि लवकर, मोटर बंद करायचीय." वहिनी वाईट नव्हत्या. मला चहासुद्धा दिला. मात्र कॅन भरायला त्या घरच्या मागच्या नळाशी जावं लागतं, पुढच्या पाइपाशी नाही, हे मला कुणी न सांगता कळलं.

कॅन बघून रिक्षावाले थांबेनात. चालत निघालो. ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या. थोड्या वेळाने सरूबाई गायला लागली. मला ऐकवायला नव्हे, कॅन जड होता म्हणून.

"पाझराच्या तळ्यापाशी उभी राहिली कंपनी,
माझ्या मेंढरांच्या वाटा गेल्या कुणाच्या अंगणी."

तिचा आवाज गोड नाही. उंच आहे, आणि टोकाला जरासा फाटतो. लांब गेलेल्या मेंढराला हाक मारणारा आवाज. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली तशी ती गप्प झाली.

"कुठे शिकलीस?"

"मेंढरांमागं. बाईनं गाऊ नये असं मेंढरं म्हणत नायत." कॅन खाली ठेवून तिने हात बदलला. "पाझर तलावाच्या कडंनं आमच्या मेंढरांचा वाडा बसायचा. मामा ढोल घुमवायचे, गडी गायचे, आमी लांब चुलीपाशी बसून मनातल्या मनात गायचो. आता तलाव नाय, वाडा नाय, गडी कंपनीत. ते गाणं म्हणणारं कुणी उरलं नाय. मी म्हणते तर मामा म्हणत्यात, बाई हायस. मी मेले की ते बी गेलं. ढोलावर एकदा म्हणायचंय गं. एकदाच. लोकांसमोर."

मग मी तिला काकांच्या डोळ्यांची गोष्ट सांगितली. ती रस्त्यात थांबून हसली. "म्हंजी माझा ढोल आन तुझं डोळं!" मग हसू ओसरलं. "पर भिंतीवरच्या बायांना डोळं कोण काढायचं?"

मॅडमचा एखादा विद्यार्थी काढेल, मी म्हणाले. ती कॅन उचलून चालू लागली.

भिंत

भिंत आम्ही कोरडीच घासली, काथ्याच्या ब्रशने. रंगात मिसळायला आणि कुंचले धुवायला कांताबाई मला रोज एक पत्र्याचा डबा पाणी मोजून देत. तेही ताजं नाही, तांदूळ धुतलेलं नाहीतर भांडी विसळलेलं. "वरची साय तुझी," असं म्हणून डबा ठेवत. तांदळाच्या पाण्याने रंग चांगला धरला, हे मी काकांना सांगणार आहे. कुंचले धुतलेलं पाणी फेकायचा मला आता धीरच होईना. एका बादलीत साठवत गेले. हिरवा, तांबडा, निळा, सगळा एकत्र होऊन चौथ्या दिवशी त्याचा असा एक रंग झाला की मी कुंचला बुडवून भिंतीच्या पायथ्याशी ओढून बघितला. सरूबाईच्या अंगणातल्या मातीचा रंग, हुबेहूब. मग चित्रातली सगळी जमीन मी त्या धुवणाने रंगवली.

मॅडमनी आखणी मला करायला सांगितली होती, पण त्या स्वतः हात घालत नसत. एक दिवस रंगात मिसळायच्या स्टेनरच्या बाटल्या आणायला शहागंजात घेऊन गेल्या आणि मग नान-खलिया खायला घातलं. तो मोठा पिवळा नान आणि मटणाची लाल तर्री. मी इतकं खाल्लं की मॅडम हसल्या. मग मला सरूबाईची आठवण येऊन लाज वाटली, आणि मी एक नान बांधून घेतला. ती तीन दिवस तो पुरवून पुरवून खात होती. शेवटचा तुकडा आबांना दिला.

बायका रोज येत आणि भिंतीसमोर उभ्या राहून आपापली साडी सांगत. "मला मोरपंखी दे, खरी नाय तर नाय, भिंतीवर तरी असू दे." "माझं नाक एवढं बसकं हाय का गं?" "हिला बारीक कर, नाय तर हिच्यातच भिंत संपंल." कांताबाईंनी स्वतःला रांगेत पुढून दुसरी काढून घेतलं, कमरेवर हात ठेवून. नऊ दिवसांत अठरा बायका झाल्या. हंडे, कॅन, कळश्या, एकीच्या काखेत मूल. पदर, काठ, बांगड्या, जोडवी, सगळं झालं.

डोळे राहिले. अठरा चेहरे नाक-तोंडासकट, आणि डोळ्यांच्या जागी नुसता कातडीचा रंग. लहान पोरं तिकडून जाताना पळायला लागली. कांताबाईंनी मला धरलं. "ए कोकणी, समदं काढलंस, आन डोळं काय वाटेत इकून आलीस?"

मॅडमना मी म्हणाले, कुणाला तरी पाठवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाठवते. पण आधी तुम्ही नक्की नाही म्हणा." मला नाहीही म्हणता येईना आणि होही. सगळ्यांनी एवढं प्रेम केलं, पाणी दिलं, आणि मी त्यांच्या तोंडावर वेडेवाकडे डोळे काढून ठेवले तर? भिंत पुसता येत नाही. पुसायला पाणी लागतं.

मग मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "शेवंते, डोळ्यांक हात लावू नको हां. डोळे बिघाडले तर सगळा काम गेला. माझा नाव नको घालवू." काका माझ्यासाठी बापाच्या जागी आहेत. मी बरं म्हणाले.

आबांचा प्रश्न

दहाव्या दिवशी दुपारी आबांनी आपली बाज भिंतीसमोर आणायला लावली. गोदामाच्या सावलीत बसून ते एकेक चेहरा बघत होते. मी ब्रश घासत होते, उगाचच.

"ही आमची सरू," ते सातव्या बाईकडे काठी करून म्हणाले.

मी चकित झाले. त्या बाईला वेगळी अशी काही खूण नव्हती. "कसं ओळखलंत, आबा?"

"चालीवरून. डावा खांदा खाली हाय. लगीन होऊन आली तवापास्नं तिकडूनच घागर वाहायली." मग जरा थांबून म्हणाले, "पर ती बघायली कुठं?"

"म्हणजे?"

"डोळं नायत म्हणून इचारायलोय. माणूस कुठं तरी बघतंय ना. मेंढरू बी बघतंय. कळपात शंभर असली तरी कोणतं कुठं बघतंय त्यावरनं धनगराला कळतं, कोणतं फुटून जाणार. ही बाई कुठं बघायली?"

तिथेच माझ्या हातातला ब्रश थांबला. काकांचे सगळे डोळे एकाच ठिकाणी बघतात. समोर बसलेल्या माणसाकडे, जरासे खाली, मायेने. देवाचे डोळे तसेच असतात, आणि ते काकांनाच येतात. पण ह्या अठरा जणी देव नव्हत्या. त्यांना कुणी नमस्कार करणार नव्हतं. त्या कुठे बघतात हे काकांना कुठून माहीत असणार? मॅडमच्या विद्यार्थ्याला तरी कुठून?

मी पहिल्यांदा कांताबाईंकडे गेले. "रांगेत उभ्या असता तेव्हा तुम्ही कुठे बघता?"

"मी? पुढचीच्या हंड्याकडं. तिनं दोन आणलेत का चार ते बघते."

मोरपंखी साडीवाली म्हणाली, "रस्त्याच्या वळणाकडं. टँकर आला का." काखेत मूल असलेली म्हणाली, "पायाकडं. सांडलं तर." एक म्हातारी म्हणाली, "मी डोळं मिटून घेते गं बाय, पाय तेवढ्यात झोप काढत्यात." मी सगळं वहीत लिहून घेतलं, पहिलीतल्या मुलीसारखं, नावापुढे नजर.

शेवटचा दिवस

सकाळी आंघोळ नव्हती, पाणीच नव्हतं. टँकर यायचा दिवस आदल्याच दिवशी टळून गेला होता. मी ओल्या फडक्याने तोंड पुसलं आणि काही न खाता भिंतीपाशी गेले. दार लोटायला तिथे दार नव्हतं. सगळी वस्ती पाठीशी उभी, कुणी खोकतंय, कुणी दात घासतंय. डाव्या हाताने उजवं मनगट धरून मी कुंचला उचलला.

पहिले डोळे कांताबाईंचे. वरची रेघ, खालची रेघ, मग बुबुळ उजव्या कोपऱ्यात, पुढचीच्या हंड्यावर. मी मागे सरले. मग मागून कांताबाईच म्हणाल्या, "अगं माय, मीच की गं मी! कशी टपून बघायलीय भवानी!" आणि जो हशा झाला त्यात मी मनगट सोडून दिलं.

दुपारपर्यंत सतरा झाल्या. सातवी मी मुद्दाम मागे ठेवली होती. सरूबाई गारखेड्याहून कामं आटपून आली. आबा बाजेवर होते.

"सरू, तू कुठे बघतेस?"

ती पदराने तोंड पुसत उभी राहिली. आबांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामांच्या ढोलाकडं."

आबांनी काठीने मातीत एक रेघ ओढली, मग दुसरी. मी कुंचला बुडवला. बाकी सगळ्या जणी रस्त्याकडे, पाण्याकडे, पायाकडे बघतात. सातव्या बाईची मान तशीच ठेवून मी तिचे डोळे वळवले, रांगेतून बाहेर, लिंबाकडे, आबांच्या खोलीच्या दाराकडे. रंगवताना वाटलं, ही बाई आता कळप सोडून जाईल.

आबा उठून घरात गेले.

संध्याकाळी पाच वाजता खुर्च्या मांडल्या. मॅडमच्या कॉलेजातले लोक, वस्तीतले दोन पुढारी, एक हार. मॅडमनी मला पुढे बोलावलं, मी मान खाली घालून नमस्कार केला आणि मागे पळाले. सरूबाई इरकल नेसून उभी होती, हात पदरात गुंडाळलेले. ढोलाशिवायच गाणार होती. तिने तोंड उघडलं आणि घरातून आबा बाहेर आले. गळ्यात ढोल. त्याच्यावरचं धोतर त्यांनी डोक्याला बांधलं होतं.

"मी वाजवतो," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "हात मातर लावायचा नाय."

पहिली थाप पडली. आणि त्याच वेळी वळणावरून हॉर्न वाजला.

टँकर!

पुढचं सांगायची गरज नाही. दोन दिवसांची तहानलेली वस्ती. खुर्च्या उलट्या झाल्या, पुढाऱ्याच्या हारावर कुणाचा तरी पाय पडला, बायका हंडे घेऊन धावल्या. सरूबाईचा गळा तसाच थांबला. तिने घराकडे बघितलं, दाराशी ठेवलेल्या रिकाम्या हंड्यांकडे बघितलं, आणि तिचा एक पाय तिकडे वळला. पाणी नाही घेतलं तर पुन्हा सहा दिवस.

मी तिच्या आधी पोचले. दोन्ही हंडे उचलले. "सरू, हे दोन हंडे मी तुला देणं लागते! तू गा!"

रांग भिंतीला लागूनच होती. मी चौदावी. पुढच्या बाईने दोन हंडे आणलेत की चार, हे बघत उभी राहिले, आणि मागून तिचा आवाज आला, उंच, टोकाला फाटणारा.

"आला टँकर दारात, खुर्च्या सोडा गं बायांनो,
रांगेतून ऐका माझी ओवी, आया-मायांनो!"

हे तिने तिथल्या तिथे जुळवलं होतं. रांगेत हसू पसरलं, मग सगळ्या गप्प झाल्या. पाझर तलाव आला, कंपनी आली, मेंढरांच्या वाटा आल्या. पाइपातून पाणी हंड्यात पडत होतं आणि त्याच्यावरून गाणं येत होतं. मला वळून बघायचं होतं, पण वळले तर नंबर गेला असता. कांताबाई रांग मोडू देत नाहीत, पाहुणीला तर नाहीच.

"हंड्यावरती हंडा, भार उतरे मानेला,
किती चालले मी बाई, विचारा या रानाला."

इथे ढोल अडखळला. आबांचा दम गेला असणार. एक थाप आली, मग नुसतं पाणी पडल्याचा आवाज. सरूबाई थांबली नाही, तिची ओळ तशीच पुढे गेली, एकटी. आणि मग ढोल पुन्हा सुरू झाला. पण आता एका अंगाची थाप वेगळी होती, हलकी, जरा घाबरलेली, नेमक्या जागी पडायला अर्ध्या क्षणाचा उशीर करणारी. रांगेतल्या सगळ्या जणींनी एकमेकींकडे बघितलं. कांताबाईंनीसुद्धा मान वळवली, आणि त्यांच्यापुढे कुणीतरी चक्क मध्ये घुसलं तरी त्यांना कळलं नाही.

मी नाही वळले. माझे हंडे भरायचे होते.

दोन्ही हंडे घेऊन परत आले तेव्हा गाणं संपलं होतं. आबा बाजेवर बसून धोतराच्या टोकाने घाम पुसत होते. ढोल त्यांच्या आणि सरूबाईच्या मध्ये बाजेवर ठेवला होता. मी हंडे खाली ठेवले. सरूबाईने माझ्याकडे बघितलं, आणि पदरातून उजवा हात काढला. तळवा लालबुंद झाला होता, बोटांची मुळं सुजली होती.

"पाणी लावू का?" मी ओंजळ पुढे केली.

"नको, सांडंल," ती म्हणाली, आणि भरलेल्या हंड्याच्या ओल्या गार पाठीवर तिने तळवा टेकवून ठेवला.